राजवाड्यावर वंशावळ : अखेर शिरोरेषा जागेवर आली

मागच्या वेळी सांगितलं होतं, आमची वंशावळ मी कॅनव्हासवर (वेबपानावर कोडनं चित्र काढायच्या जागेत) राजवाड्याच्या आकारात काढतोय. सात मजले, सात पिढ्या. इंदूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? खालचे ३ मजले दगडी, वरचे ४ लाकडी, म्हणून रंगही दोनच. सगळ्यात जुनी पिढी तळमजल्यावर.

म्हणजे तसं ठरलं होतं. कॅनव्हासचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय, म्हणजे उभं अंतर, खाली जाताना वाढतो, हे माहीत असूनही मी मजल्याचा क्रमांक सरळ मजल्याच्या उंचीनं, १४०ने, गुणला. आजीनं स्क्रीन बघून विचारलं, "अरे, आजेसासऱ्यांना गच्चीवर कशाला चढवलंस?" मग हुशारी म्हणून स्केलमध्ये (चित्र लहान-मोठं किंवा उलटं करायच्या आज्ञेत) वायला उणे १ दिला. वाडा सरळ उभा राहिला, पण नावं शीर्षासनात! शेवटी जमीन ११००वर धरली आणि मजल्याची वरची कड ११०० वजा क्रमांक गुणिले १४० अशी काढली.

खिडक्या-कमानींना फार वेळ लागला नाही. चौकोन भरणारा फिलरेक्ट डावा-वरचा कोपरा मागतो आणि कमान काढणारा आर्क केंद्र, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरा घोळ नावांचा. प्रत्येक मजल्यावर नवरा-बायकोची नावं शेजारी-शेजारी आहेत. मेजरटेक्स्ट या मजकूर मोजणाऱ्या आज्ञेनं प्रत्येक नावाची वरची आणि खालची टोकं मोजून मी ते मजल्याच्या पट्टीच्या बरोबर मध्ये बसवलं. गणित चोख, दिसायला भयंकर. 'गोविंद'ला वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, म्हणून तो खाली सरकला. 'यमुना'ला खाली उकार, म्हणून ती वर गेली. दोघांच्या शिरोरेषांत चक्क पायरी. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर (बेसलाइनवर) बसतात, आपली वरच्या रेघेला लोंबतात, आणि मी लोंबणाऱ्यांची उंची पायापासून मोजत होतो.

टेक्स्टबेसलाइनला, म्हणजे मजकूर कोणत्या रेघेनं बसवायचा त्या सेटिंगला, 'हँगिंग' (लोंबणारी) ही किंमत आहे, ती नेमकी अशाच लिप्यांसाठी. पण ती रेघ फॉन्टमधल्या माहितीवर ठरते; माझ्या फॉन्टमध्ये शिरोरेषेपासून थोडी हललेली निघाली. मग उपाय सापडला: फक्त 'र' मोजायचा. त्याच्या डोक्यावर शिरोरेषेपलीकडे काही नाही, त्यामुळे मेजरटेक्स्टनं दिलेला त्याचा ॲक्च्युअल बाउंडिंग बॉक्स ॲसेंट (बेसलाइनपासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर) म्हणजेच बेसलाइनपासून शिरोरेषेची उंची. बेसलाइन नेहमीचीच ठेवायची, हव्या त्या रेघेच्या वायमध्ये ही उंची मिळवायची आणि फिलटेक्स्टनं नाव लिहायचं. वेलांट्या वर, उकार खाली, हवे तिथे जाऊ देत. लांब नावासाठी अक्षर लहान केलं, तर जोडीदाराचंही तेवढंच करा आणि 'र' पुन्हा मोजा.

एक खड्डा सांगून ठेवतो. पान पहिल्यांदा उघडलं की सगळं हललेलं, रिफ्रेश केलं की ठीक. वेबफॉन्ट (नेटवरून उतरणारा फॉन्ट) यायच्या आधीच मी 'र' मोजत होतो, तोही भलत्याच फॉन्टचा. आता आधी डॉक्युमेंट फॉन्ट्स लोड या आज्ञेनं फॉन्ट मागवायचा, ते पूर्ण झालं की मोजणी.

राहिलं एकच. खालच्या दोन मजल्यांवरच्या बायकांची नावं आजीलाही ठाऊक नाहीत. तिथे पुरुषाचं नाव मधोमध घेतलं तर पट्टी छान दिसते. करून पाहिलं आणि परत डावीकडे नेलं. उजव्या अर्ध्यात सध्या त्याच उंचीवर नुसती शिरोरेषा ओढली आहे, खाली अक्षर नाही.