पोरं सांभाळायची की विकायची? ओरिओल्सचा अर्धा सीझन, जुलै २०२४

बाल्टिमोर ओरिओल्स ही आमची बेसबॉल टीम. रविवारी नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमधे न्यूयॉर्क यांकीजच्या बेन राइसनं आपल्या पिचर किंब्रेलला तीन रनचा होमर (बॉल थेट कुंपणापार) हाणला आणि मी टीव्ही बंद केला. रिमोट सोफ्यावर आपटला, आत जाऊन पाणी प्यायलो, आणि दोन मिनिटांत परत येऊन लावला, कारण आपली लायकी तेवढीच. यांकीज ५-३ पुढे, आपले दोन आउट (तिसऱ्याला खेळ खलास), बेसेस भरलेले, आपल्या माउंटकासलनं सरळ शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) जमिनीवरून ग्राउंडर मारला, आता संपलंच म्हणून मी पुन्हा रिमोट उचलला आणि तेवढ्यात त्यांच्या व्होल्पीच्या ग्लोव्हमधून बॉल निसटला! पुढचा आपला मलिन्स. त्यानं लेफ्टला मारलेला बॉल त्यांच्या व्हर्डुगोला वाचताच आला नाही, बिचारा आधी पुढे आला, मग मागे पळायला गेला आणि पडला. ६-५. शेजारच्यांनी भिंत ठोकली तरी मी ओरडतच होतो.

तर ऑल-स्टार ब्रेकला (सीझनच्या मधली सुट्टी) आपण ५८ जिंकून ३८ हरलेलो, यांकीजच्या एक गेम पुढे, आपल्या ईस्ट डिव्हिजनमधे पहिले. पण खरं सांगू का, त्याआधी ओळीनं पाच मॅच हरलो होतो, त्यातल्या तीन तर शिकागोच्या कब्जनी आपल्याच मैदानावर, कॅम्डन यार्ड्सला, येऊन धुतल्या, आणि रविवारची मॅच आपण जिंकली नाही, त्यांनी दिली. हे कबूल केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

ज्यांनी ही टीम आत्ता आत्ता बघायला घेतलीय त्यांना कल्पना यायची नाही पण २०१८ ला आम्ही ११५ मॅच हरलो होतो. २०१९ ला १०८. २०२१ ला ११०. त्या काळात मेन टीमची मॅच बघवायची नाही, मग आमच्यासारखी माणसं काय करायची, तर रात्री मायनर लीगचे, म्हणजे क्लबच्याच खालच्या टीम्सचे, बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचे तक्ते) चाळत बसायची. आज बोवीला कोणी काय केलं, ॲबरडीनला कोण आलाय, डेल्मार्व्हाच्या अमुक पोरानं किती वॉक (चार खराब बॉलवर फुकटचा बेस) घेतले. बाकीचे लोक टीमवर प्रेम करतात, आम्ही टीमच्या उद्यावर करायला शिकलो, आणि ती सवय आता नडायला लागलीय असं माझं मत आहे. त्यावरच लिहायला बसलोय.

नवीन लोकांसाठी पटकन: मेन टीमच्या खाली चार मुख्य पायऱ्या. आपल्याकडे २०२४ ला डेल्मार्व्हा लो-ए, ॲबरडीन हाय-ए, बोवी डबल-ए, नॉरफोक ट्रिपल-ए. रणजीसारखं नाही हे, इथे पोरं सगळी क्लबचीच, वर कधी आणायचं, खाली कधी पाठवायचं, कुणाला देऊन टाकायचं सगळं क्लबच्या हातात. आणि पगार बघा, २०२३ च्या करारानंतर ट्रिपल-ए चा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला (त्याआधी १७,५०० होता, म्हणजे थट्टाच), आणि वर मेन टीममधे २०२४ चा किमान ७,४०,००० डॉलर. एका पायरीचा फरक. नॉरफोकला अडकलेल्या पोराच्या डोक्यात रात्री काय चालत असेल विचार करा.

जूनमधे भाच्याला घेऊन बोवीला गेलो होतो. छोटं स्टेडियम, पोरांसाठी गोल फिरणारे घोडे, आणि बसायला मिळतं ते इतकं जवळ की ऑन-डेक सर्कलमधला (पुढे बॅटिंगला येणारा) खेळाडू बुटावरची माती बॅटनं झटकतो ते ऐकू येतं. आम्ही गेलो होतो सॅम्युएल बसायोला बघायला. डॉमिनिकन पोरगं, कॅचर, डावखुरा बॅट्समन, अजून विशीचा पण नाही झालेला. भाचा म्हणाला, "मामा, हा एकोणीसचा? हा तर तुझ्यापेक्षा डबल आहे." खरंच सव्वासहा फुटाच्या वर धिप्पाड आहे. सीझनच्या सुरुवातीला फेकायच्या हाताच्या कोपराला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणून नुसती बॅटिंग चालू होती. एक बॉल त्यानं उजवीकडे फाऊल मारला, फाऊलच, स्कोअरबुकात त्याची काही नोंद राहत नाही, पण बॅटचा जो आवाज आला ना, माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ खात होते ते थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो बॉल भिंतीच्या, कुंपणाच्या, सगळ्याच्या पलीकडे गाड्या उभ्या असतात तिकडे गेला. हा पोरगा कुणालाही द्यायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही, समोरचा डेट्रॉइटचा पिचर स्कूबल देत असला तरी मी दोन दिवस विचार करेन आणि नाही म्हणेन.

जॅक्सन हॉलिडेचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. २०२२ च्या ड्राफ्टमधला (क्लब आळीपाळीनं नवी पोरं निवडतात तो) पहिला पिक, गेल्या वर्षी एकाच सीझनमधे डेल्मार्व्हा ते नॉरफोक चारही पायऱ्या चढला, एकोणीस वर्षांचा, देशातला एक नंबरचा प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा), एप्रिलमधे बोस्टनच्या फेनवेला डेब्यू, आणि मग ३४ ॲट-बॅटमधे २ हिट, १८ स्ट्राइकआउट. दोन आठवड्यांत परत नॉरफोक. मला त्याची अजिबात काळजी नाही, पोरगं वीसचं आहे, झोनचं ज्ञान (कुठला बॉल मारायचा, कुठला सोडायचा) चांगलं आहे आणि वरच्या पिचरांनी त्याला जे दाखवलं ते नॉरफोकला कोणी दाखवतच नव्हतं. पण कोपर दुखतंय ना सध्या, त्यामुळे घाईनं आणू नका एवढंच. ऑगस्टमधे आला तरी चालेल.

आता खरी अडचण. नॉरफोकला नुसते बॅट्समन साचलेत. कोबी मेयो थर्ड बेसला, मे महिन्यात बरगडी मोडून घेतली तरी परत येऊन मारतोय. नॉर्बी सेकंडला. स्टोवर्स आउटफिल्डला, हा बिचारा २०२२ पासून बॅगच उघडत नाही, आज बाल्टिमोर, परवा नॉरफोक. आणि वर जागा कुठेय? शॉर्टला गनर (ब्रेकपर्यंत २८ होमर, आणि हा २०१९ ला बेचाळिसावा पिक होता बरं का), थर्ड-सेकंडला वेस्टबर्ग, तोही ऑल-स्टार, कॅचर ॲडली, आउटफिल्डला सॅन्टँडर, मलिन्स, काउझर. घरात पाहुणे झोपवायला जागा नाही तशी गत.

आणि पिचिंगमधे मात्र उलटं, घर रिकामं. मीन्स गेला, वेल्स गेला, जूनमधे ब्रॅडिशचं कोपरही गेलं, तिघांचं ऑपरेशन, तिघं पुढच्या वर्षीपर्यंत विसरा. बाउटिस्टा तर आधीपासूनच नाही. बर्न्स आहे म्हणून तग धरून आहोत, आणि तो पण सीझन संपला की फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळा. ग्रेसन चांगला आहे. त्याच्यानंतर? सुआरेझनं कमाल केलीय, २०१७ नंतर पहिल्यांदा मेजरमधे आला, मधे जपान-कोरिया करून, मला तो माणूस फार आवडतो, पण ऑक्टोबरच्या प्लेऑफमधे तिसऱ्या मॅचला मी त्याच्यावर विसंबून झोपू शकत नाही. पोविच अजून शिकतोय. गेल्या वर्षी आम्ही १०१ मॅच जिंकलो तरी प्लेऑफमधे टेक्सासनं आम्हाला तीन मॅचमधे घरी पाठवलं, त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मॅचमधे आमचे स्टार्टर दोन इनिंगसुद्धा पूर्ण करू शकले नव्हते. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं, नॉर्बी आणि स्टोवर्स द्या, गरज पडली तर मेयो पण द्या (हे टाइप करताना हात अडखळला), आणि एक असा स्टार्टर आणा जो पुढची दोन वर्षं तरी आपल्याकडे राहील, नुसता दोन महिन्यांचा भाडेकरू नको. व्हाइट सॉक्सचा क्रोशे असेल, अजून कोणी असेल, नाव आपल्या जनरल मॅनेजर इलायसनं शोधावं, त्याला त्याचाच पगार मिळतो. भाच्याला हे पटत नाही. तो म्हणतो शुक्रवारी यांकीजच्या होम्सचा बॉल आपल्या कर्स्टाडच्या डोक्याला लागला, तो आता खेळत नाहीये, मग स्टोवर्स पण दिला तर आउटफिल्डला कोण? मुद्दा बरोबर आहे त्याचा, माझ्याकडे नीट उत्तर नाही. त्या दिवशी आपला मॅनेजर हाइड यांकीजच्या डगआउटवर धावून गेला ना, तेव्हा मी पण इथे उभा राहून शिव्या देत होतो, त्यामुळे कर्स्टाडबद्दल थंड डोक्यानं बोलणं मला जमणारच नाही. पण १९८३ नंतर वर्ल्ड सिरीज नाही हो आपल्याकडे. १९८३! नवीन मालक आलाय, एक बिलियन ७२५ मिलियन डॉलर मोजून, बाल्टिमोरचाच माणूस, इलायसनं बर्न्स आणून दाखवलाय, गनर-ॲडली दोघं एकदमच तरुण आणि स्वस्त आहेत, अशी वर्षं किती येतात?

भाच्याला ऑगस्टमधे नॉरफोकला न्यायचं कबूल केलंय. त्याला मेयो बघायचाय. ट्रेडची (खेळाडू देण्या-घेण्याची) डेडलाइन ३० जुलै, संध्याकाळी सहा. तिकिटं मी ३१ ला काढणार.