दुर्लक्षित चित्रकादंबऱ्या : सोलापुरातील वाचननोंदी, उन्हाळ्याअखेर

मागील नोंदीनंतर आमच्या छोट्या वाचनगटाने जुन्या इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथांची उजळणी बाजूला ठेवली आणि प्रौढ वाचकांसाठी रचलेल्या, परंतु मराठी वाचकांच्या बोलण्यात क्वचितच येणाऱ्या चित्रकादंबऱ्या हाती घेतल्या. वेताळ आणि बहादूर यांच्यासोबत वाढलेली पिढी आपल्याकडे मोठी आहे, आणि बहुधा त्यामुळेच चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय ही समजूत घट्ट बसली आहे. पुस्तकांच्या दुकानांतही ही पुस्तके मुलांच्या कपाटात सापडतात, किंवा सापडतच नाहीत. शिफारस करण्यासाठी मी कसोटी एकच ठेवली आहे. मजकूर झाकला तरी पान काही सांगते का, हे आधी पाहायचे, आणि म्हणून प्रत्येक पुस्तकाचे पहिले वाचन संवादफुग्यांकडे लक्ष न देता, केवळ चित्रे पाहत करायचे.

या कसोटीवर सर्वांत भक्कम उतरले ते 'भीमायन'. 2011 मध्ये नवायन प्रकाशनाने काढलेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची असून मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले अस्पृश्यतेचे अनुभव हा त्याचा गाभा आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात आणि पुढे बैलगाडीच्या प्रवासात त्यांना पाणी मिळत नाही, हा 1901 च्या सुमाराचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी चरित्रांत वाचलेला असतो. वडील तेथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून खोदल्या जाणाऱ्या तलावावर रोखपाल होते. दुष्काळी कामे काय असतात हे सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे तलाव खोदला जात असतानाच त्याच मुलुखात मुलांना घोटभर पाणी नाकारले जाते, ही विसंगती येथे अधिक बोचते.

तरीही या पुस्तकाचे खरे सामर्थ्य पानांच्या रचनेत आहे. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटींत कोंबायला नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या दिग्ना या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पान विभागले, आणि त्यामुळे प्रसंग एकमेकांत वाहत जातात. संवादफुग्यांचीही स्वतःची रीत आहे: ज्यांचे बोलणे मायेचे आहे त्यांचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, ज्यांच्या शब्दांत विष आहे त्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. ही रीत एकदा ध्यानात आली की पान वाचण्यापूर्वीच कोण डसणार आहे हे कळते. आमच्या गटातील एक सदस्य जॅकार्ड मागासाठी ग्राफ पेपरवर डिझाइन उतरवण्याचे काम करतात. त्यांनी पुस्तक हातात घेतल्यावर सर्वप्रथम दिग्नाच्या पट्ट्याच निरखल्या आणि चादरीच्या काठात येतो तसा येथे कोणताही नमुना जसाच्या तसा पुन्हा येत नाही, हे दाखवून दिले. त्यानंतर मी पुन्हा पाने चाळली तेव्हा पट्टीची जाडी आणि वळण प्रसंगानुसार बदलते, हे मला दिसू लागले. बसथांब्यावरील आजच्या काळातील संभाषणाची जी जोड कथेला दिली आहे, ती मात्र मला थोडी शिकवणीच्या सुरातली वाटते. चित्रांनी जे आधीच पटवून दिले आहे, ते तेथे पुन्हा शब्दांत सांगितले जाते. एवढे वगळता, जयंतीच्या काळात पुस्तकांच्या स्टॉलवर चरित्रांच्या राशी लागतात त्यांत हे पुस्तक असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याच प्रकाशनाचे, त्याच वर्षीचे 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेले असून त्याची कृष्णधवल चित्रे अपराजिता निनन यांची आहेत. 1873 मधील मूळ ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, आणि संवादफुगे हे माध्यम त्याला आपसूकच शोभते. लेखिका आणि चित्रकार स्वतःही पात्रे म्हणून पानांत वावरतात. ज्यांनी मूळ 'गुलामगिरी' वाचली आहे त्यांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' हे 1994 मध्ये कल्पवृक्ष या संस्थेने प्रकाशित केलेले पुस्तक भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून ओळखले जाते, तरीही दीर्घकाळ ते मिळतच नव्हते. 2022 मध्ये ब्लाफ्ट प्रकाशनाने त्याची नवी आवृत्ती काढल्यामुळे आता ही अडचण उरलेली नाही. नर्मदेवरील धरणाच्या वादाची पार्श्वभूमी घेऊन ते दोन धाग्यांनी पुढे सरकते. एकीकडे मालगू गायन हा गायक सृष्टीच्या आणि नदीच्या उत्पत्तीची कथा गातो, दुसरीकडे शहरातून आलेला बातमीदार विस्थापितांचे म्हणणे ऐकत जातो. बातमीदाराच्या पानांकडून गायकाच्या पानांकडे जाताना डोळ्यांची गती आपोआप मंदावते, हे मला फार मोलाचे वाटले. आपल्या नळाला येणारे पाणी उजनीचे आहे, आणि उन्हाळ्यात ते उतरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते. त्या मंदिराची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, परंतु पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसांचे गाणे कोणी चित्रांत उतरवले आहे का, हा प्रश्न हे पुस्तक वाचताना सतत मनात येत राहिला. माझ्या मते यादीतील हे सर्वांत निकडीचे पुस्तक आहे.

शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' (2006) परदेशांत गाजलेले आहे, तरी आपल्याकडे ते फारसे कोणी हाताळलेले नाही, म्हणून त्याला या यादीत जागा दिली. त्यात वाचता येण्याजोगा एकही शब्द नाही. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून अनोळखी देशात पोटासाठी जातो. तेथील पाट्यांची लिपी चित्रकाराने कल्पनेने घडवलेली असल्यामुळे वाचकही त्या माणसाइतकाच निरक्षर होतो. जुन्या पिवळट छायाचित्रांसारख्या पेन्सिलचित्रांतून कथा उलगडते, आणि समुद्रप्रवासाचे दिवस सांगण्यासाठी लहान लहान चौकटींत नुसते बदलते ढग काढलेले आहेत. आमच्या गटात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांच्या वेळी कोणीतरी वाचून दाखवावे लागते. या पुस्तकाच्या वेळी सर्वजण प्रथमच एकाच वेगाने पुढे गेले. ज्यांचे पणजोबा तेलंगणातून मागाच्या कामासाठी सोलापुरात आले, अशा एका ज्येष्ठ सदस्यांनी सामानाच्या पेटीच्या चित्राशी थांबून घरच्या हकिकती सांगितल्या आणि ती बैठक तेवढ्याच पानावर संपली. चित्रकादंबरी वाचण्याची सवय नसलेल्या व्यक्तीला पहिले पुस्तक द्यायचे असेल तर मी निःशंकपणे हेच देईन.

सध्या मलिक सजाद यांचे 'मुन्नू' (2015) वाचतो आहे. काश्मिरी माणसे त्यात हंगुल हरणांच्या रूपात काढली आहेत, तर बाहेरून आलेली माणसे माणसांसारखीच आहेत. रेषा इतकी दाट आहे की लाकडावर कोरल्यासारखी भासते, आणि म्हणून ते संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात वाचू नये, अशी सूचना आताच करून ठेवतो. पुढील बैठकीसाठी पूर्वार्ध ठरला आहे. ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी शाळेचे प्रसंग चित्रांपुरते पाहून यावे आणि हरणांच्या चेहऱ्यांवरील भाव शिंगांमुळे ओळखू येतात की डोळ्यांमुळे, याची निरीक्षणे वहीत टिपून आणावीत.