निधी उभारणीच्या कामात शिरताना

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाल्यावर मी नाशिकच्या एका संस्थेत कार्यकर्ती म्हणून लागले. जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यांवर मुलांसाठी आमच्या अभ्यासिका चालतात. २०२० मध्ये विदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देणं बंद झालं. आमचा मोठा आधार तोच होता. अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंचं मानधन कुठून द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला. विश्वस्त म्हणाले, "पैसे उभे करायचं काम घेशील का?" मी घेतलं.

सुरुवातीला मी बसले ते हिशेबनिसांच्या शेजारी. ऑडिट वाचायचं कसं, १२ए (संस्थेला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) म्हणजे काय, धर्मादाय कार्यालयात दरवर्षी काय भरायचं, हे त्यांनी शिकवलं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आधी ताळेबंद वाचा, प्रस्ताव नंतर लिहा.

मग निधीसाठी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्या. वर्षाला ५ कोटी नफा झाला, की कंपनीवर सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामावर खर्च करण्याची, जबाबदारी येते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला त्यासाठी सरकारकडे सीएसआर-१ ही नोंदणी करावी लागते. ती आम्ही वेळेत केली. बैठकीत हमखास विचारतात, एका मुलामागे खर्च किती? उत्तर तोंडावर हवं, आणि ते ऑडिटशी जुळायलाही हवं.

माझा जीव मात्र रमला तो छोट्या देणगीदारांत. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला देतं, कुणी मुलीच्या वाढदिवसाला. पावती त्याच दिवशी पाठवायची. रोख २००० रुपयांवर असेल तर ८०जीची सवलत नाही, हे पैसे घेण्याआधीच सांगायचं. पॅन नीट लिहून घ्यायचा, कारण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण (१०बीडी) भरायचं असतं, आणि ते भरल्यावरच देणगीदारांना सवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र मिळतं. नवी करप्रणाली आल्यावर ती निवडणाऱ्यांची सवलतच गेली. तरी एका निवृत्त शिक्षकांनी देणगी थांबवली नाही. मी फोन केला तर सवलतीबद्दल चकार शब्द नाही, "यंदा किती मुलं चौथीतून पाचवीत गेली?" एवढंच विचारलं. तेव्हापासून देणगीदारांना पाठवायच्या पत्रात फोटोंआधी हा आकडा असतो.

"माझा सगळा पैसा मुलांपर्यंतच जायला हवा, पगारात नको," असं अनेकजण म्हणतात. हे मी गप्प बसून ऐकत नाही. पाड्यावरची ताई नसेल तर अभ्यासिका म्हणजे नुसती कुलूप लावलेली खोली. तिचं मानधन हाच कार्यक्रम आहे, हे मी प्रस्तावात पहिल्या ओळीला लिहिते. काही कंपन्या तिथूनच परत फिरल्या. यंदा एका कंपनीने मात्र वह्या-दप्तरांऐवजी ताईंच्या वर्षभराच्या मानधनाचा करार केला आहे, आणि पुढच्या वर्षीही तो चालू राहावा म्हणून त्यांचे अधिकारी पावसाळ्यानंतर सुरगाण्याला येणार आहेत.