गिलगिटची गाडी आणि नॉटिंगहॅमची मोजपट्टी

गेल्या मंगळवारी नॉटिंगहॅममधल्या आमच्या क्लबात, जिथे टेबलावर चिमुकल्या माणसांचा आणि गाड्यांचा खेळ चालतो, एका सत्तरीच्या गृहस्थांनी माझी खेळण्यातली फोर्ड मॉडेल ए मोटार हातात घेतली, खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला, पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर मोजले आणि अत्यंत सौम्य आवाजात सांगितले की रंगकाम सुरेख झाले आहे, मात्र गाडी थोडी भरदार वाटते. इथे नऊ वर्षे काढल्यावर एवढे कळू लागले आहे की इंग्रज माणूस ‘थोडी’ म्हणतो तेव्हा विषय संपलेला असतो.

आमचा खेळ दोन महायुद्धांमधल्या काळातला आहे. प्रत्येकाने त्या काळातील एक खरी मोहीम निवडायची, तिच्यासाठी जास्तीत जास्त दोन गाड्या आणि बारा माणसे रंगवून आणायची, आणि टेबलावरच्या वाळूतून, दऱ्यांतून, फाशांच्या कृपेने पलीकडे पोहोचायचे. माणसे अठ्ठावीस मिलिमीटरची असतात, म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत अठ्ठावीस, डोक्यापर्यंत नव्हे. त्यांना शोभणारे गाडीचे प्रमाण १/५६, म्हणजे खऱ्या गाडीचा छप्पन्नावा भाग, असे क्लबाच्या नियमात लिहिले आहे. खऱ्या मॉडेल एच्या आसांमधले अंतर सुमारे २.६३ मीटर, म्हणून टेबलावर ते ४७ मिलिमीटर भरायला हवे. माझी गाडी जुन्या बाजारातून घेतलेली १/४३ ची डायकास्ट, म्हणजे धातूची ओतीव, होती आणि तिचे अंतर भरले ६१. गणितात त्यांची चूक नव्हती, हे मी मान्य करतो.

माझे म्हणणे वेगळे आहे आणि ते तिथे कोणी ऐकून घेतले नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो. हे सैनिक आणि संशोधक तीन मिलिमीटर जाडीच्या चकतीवर उभे असतात. त्यांचे हात, डोकी आणि बंदुका मुद्दाम जाड ओतलेल्या असतात, कारण तसे केले नाही तर दोन हात अंतरावरून काही दिसणार नाही. अशा माणसाशेजारी काटेकोर १/५६ ची गाडी ठेवली की ती जत्रेतल्या पाळण्यातली वाटते आणि चालक तिच्यात मावेल याची खात्री राहत नाही. तिच्याहून थोडी मोठी, १/४८ ची गाडी मोजपट्टीला खोटी असते, पण नजरेला खरी वाटते. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज महादरवाजापेक्षा उंच असायचे, पायथ्याशी उगवलेल्या अळिवात मावळे कमरेपर्यंत बुडायचे, शेजारी प्लॅस्टिकचा वाघ घोड्याच्या दुप्पट असायचा, आणि सदाशिव पेठेतल्या परीक्षकांनीसुद्धा, जे अन्य कोणत्याही बाबतीत गप्प बसणारे नव्हेत, कधी प्रमाण विचारले नाही. अर्थात आम्ही ते मावळे रंगवलेले विकत आणत होतो आणि हे गृहस्थ एकेक बटण स्वतः रंगवतात, हा फरक मी घरी परतताना बसमध्ये स्वतःशी कबूल केला.

गाडी बदलायचीच, तर मोहीमही नव्याने निवडावी असे ठरवले. क्लबातील निम्मे लोक बॅगनोल्डपंथी आहेत. त्यात वावगे काही नाही: १९३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनोल्ड आणि त्याच्या सोबत्यांनी साध्या फोर्ड गाड्या इजिप्तच्या महावाळवंटात नेल्या, टायरमधली हवा कमी करून मऊ वाळू पार केली, रेडिएटरची वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा वापरले, आणि रुतलेल्या चाकांखाली घालायला कैरोच्या भंगारवाल्याकडून लोखंडी पन्हळी घेतल्या. ही जुगाडू बुद्धी आपली वाटावी अशीच आहे. फक्त तिला इथे पद्धत म्हणतात. अमेरिकी संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूजच्या १९२२ च्या गोबी मोहिमेतील डॉज गाड्या मला आवडतात, पण त्यांचे पेट्रोल पुढे उंटांवरून जात असे आणि अठ्ठावीस मिलिमीटरचे उंट रंगवण्याचा धीर माझ्याजवळ नाही.

शेवटी मी सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची हाफट्रॅक घेतली, मागे चाकांऐवजी रबरी पट्टा असलेली. हा पट्टा अडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने रशियाच्या झारच्या गाड्यांसाठी, बर्फावर चालाव्यात म्हणून तयार केला, आणि १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्याच पट्ट्यांवर पाच गाड्या सहारा ओलांडून टिंबक्टूला पोहोचल्या. माझी मोहीम मात्र १९३१ ची. बैरुतहून पेकिंगकडे निघालेल्या सिट्रोएनच्याच गाड्यांच्या तांड्याला सोव्हिएत सरकारने वाट नाकारली, म्हणून त्यांनी श्रीनगरहून दोन गाड्या हिमालयात घातल्या आणि सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या बुर्झिल खिंडीतून गिलगिटपर्यंत नेल्या. पुढचा प्रवास घोड्यांवरून झाला. व्यवहार पाहिला तर फोर्ड सरस आहे, स्वस्त आहे आणि दुरुस्तीला सोपी आहे. तरी सात इंग्रजांच्या टेबलावर श्रीनगर हे नाव असावे, असे मला वाटले. मी स्वतः कधी श्रीनगरला गेलेलो नाही, हे त्यांना सांगण्याचे प्रयोजन नव्हते.

या निवडीत एक अडचण निघाली. त्या वाटेवर अनेक ठिकाणी गाडी चालली नाही, ती नेली गेली: तिचे भाग सुटे करून स्थानिक हमालांनी पाठीवर वाहिले, खचलेल्या कडा त्यांनीच दगड रचून सावरल्या. आमच्या नियमांत वेग, भार आणि वाळूत रुतण्याचे गुण आहेत, हमालांचा रकाना नाही. बाजारात मिळणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर सोला हॅट असते. मी दोन आठवडे खपून वीस हमालांना फेरण, म्हणजे काश्मिरी झगे, आणि टोप्या चढवल्या, आणि गाडी सुटी करून पुढे नेण्याचा एक नियम लिहून क्लबात पाठवला. बारा माणसांची मर्यादा ओलांडल्याबद्दल दोघांनी हरकत घेतली. कॅलिपरवाल्या गृहस्थांनी मात्र उलट टपाली विचारले की गाडीच्या इंजिनाला किती पाठी लागतील, कारण नियमात आकडा हवा.

या मंगळवारी ते कॅलिपर घेऊन येणारच आहेत. गाडी या वेळी १/५६ चीच आहे, घरी तीनदा मोजली आहे. हमाल मात्र जरा भरदार झाले आहेत.