धावपटूचे घोटे

“दादा, तुमचे पाय खाली कावून जाऊन राहिले?” आज सकाळी जलतरण तलावात शेजारच्या लेनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने मला थांबवून विचारले आणि तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

महाविद्यालयात मी पाच आणि दहा हजार मीटर धावत असे. तेव्हा प्रशिक्षक माझ्या ताठ घोट्यांचे कौतुक करीत, कारण जमिनीवर असा घोटा प्रत्येक पावलाचा जोर परत मिळवून देतो. पाण्यात मात्र तोच घोटा मागे ताणला जात नाही, पाऊल हुकासारखे वळलेले राहते, पाणी अडते आणि कंबर बुडू लागते. त्या मुलीने काठावर बसून, बोटे मागे ताणून, गुडघा फारसा न वाकवता मांडीपासून पाय कसा हलवायचा ते करून दाखवले.

आता मी पोहतो ते ट्रायथलॉनसाठी. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. म्हणजे ज्यात मी मुरलो, तेच सर्वांत शेवटी, सायकलने जड झालेल्या मांड्यांनी करायचे. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावरून सायकलने येऊन लगेच धावायला लागलो की ते पुरेपूर कळते, आणि मला ते मनापासून आवडते.

विद्यापीठातले शिक्षण संपले की आंतरविद्यापीठ स्पर्धा संपतात आणि कितीतरी गुणी धावपटू नोकरीच्या धावपळीत मैदान सोडतात. ट्रायथलॉनमध्ये वयोगट असल्यामुळे चाळिशीतही शर्यतीत उतरता येते.

मग नागपुरात धावणाऱ्या मुलामुलींना शाळेतच पोहणेही का शिकवू नये?