तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रमवरचा पांढरा फेस

पावसाळा लागला की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजाराच्या, राजमहाल रोडच्या जुन्या घरांतून हटकून विचारणा होते: "पाण्याच्या ड्रमला आतून पांढरा फेस चिकटलाय, धुऊन टाकू का?" टाकू नका. ते झाडबेडकाचं घरटं आहे.

बेडूक तुमच्या ओळखीचाच आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारा, तपकिरी, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला. शास्त्रीय नाव पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके दिसले की खात्री समजा. तो माणसाला विषारी नाही, उलट रात्री झुरळं खातो. त्याची कातडी मात्र लागेल ते शोषते, म्हणून फिनाइल किंवा अ‍ॅसिड टाकण्याआधी त्याला ओल्या, साबण न लागलेल्या हातांनी बाहेर ठेवा.

आता फेस. मादी चिकट द्रव सोडून मागच्या पायांनी घुसळते, अंडी त्यातच असतात. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. काही दिवसांत फेस सैल होतो आणि बेडूकमासे खालच्या पाण्यात टपकतात. खाली पाणी नसेल तर सगळे मरतात.

ड्रम रिकामा करायलाच हवा, डेंग्यूचे डास परवडणारे नाहीत. मग घरटं हलवा. पातळ पत्रा किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड भिंतीलगत सरकवून ते अख्खं सोडवा आणि सावलीतल्या टबावर, पाण्यापासून वीतभर उंच, जाळीच्या तुकड्यावर ठेवा. जाळीची भोकं बोट जाईल एवढी हवीत, नाहीतर बेडूकमासे वरच अडकतात. फेस पाण्यात बुडवला तर अंडी गुदमरतात, उन्हात ठेवला तर सुकतात. टबात पावसाचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जातो. वरून सगळ्याला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा.

खायला उकडलेला पालक, चिमूटभरच. इथेच बहुतेक लोक चुकतात: जास्त घातला की तो कुजतो, पाण्याला वास येतो आणि एका रात्रीत सगळे जातात. दोन-तीन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला.

दीड-दोन महिन्यांत पुढचे पाय फुटतात. त्याआधी टबात तिरकी वीट ठेवा. चढायला जागा नसेल तर फुफ्फुसांनी श्वास घेऊ लागलेली पिल्लं बुडतात. शेपूट पूर्ण गेली की संध्याकाळी कुंड्यांपाशी सोडा.