बिनकामाचं कोल्हापूर

मिरजेहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरही नाही, आणि म्हणूनच तिथं निवांत जाणं होत नाही. तिथल्या पेठेतलं घर सोडून इकडं मिरजेत आल्यापासून मी कोल्हापूरला गेलो तो लग्नाला, सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुणाला तरी बघायला, नाहीतर चपला घ्यायला चप्पल लाईनीत. काम उरकलं की संध्याकाळची गाडी. या वेळी मुद्दाम एकही काम काढलं नाही. लॉज घेतला आणि नातेवाइकांना परत आल्यावरच कळवलं. (रुसवेफुगवे अजून चालू आहेत.) आमच्यासारख्या उठून गेलेल्यांना माझा पहिला सल्ला हाच: बहिणीकडं उतरू नका. पोहे, चहा, जेवण आणि पुन्हा चहा यातच दिवस मावळतो.

रेल्वेनं जा. मिरज-कोल्हापूर हा मार्ग 1891 पासूनचा, तासाभराचा प्रवास. स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि तिला विसरून जा. तिथून पुढं पेठांमध्ये चारचाकी घालण्यात शहाणपण नाही.

गाडी लावल्यावर लगेच अंबाबाईच्या देवळाकडं पळू नका. चौकात जुन्या तटबंदीचा तुकडा आहे आणि महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते 9 डिसेंबर 1950 रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांनी पुढाकार घेतला होता. लहानपणी हा चौक म्हणजे आमच्यासाठी सभा आणि मोर्चांची जागा. पुतळ्यांपुढं शांतपणे उभं राहावं असं तेव्हा सुचलं नव्हतं.

तिथून चालत दसरा चौक. इथं शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून रिक्षा सुसाट जातात, आपण मात्र आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचत फिरायचं. मराठा बोर्डिंग 1901 चं, जैन बोर्डिंगही त्याच साली निघालेलं, मुस्लिम बोर्डिंग 1906 चं. दलित विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग 1908 मधलं. खेड्यातून शिकायला येणाऱ्या पोराला शाळा मिळेल, पण रात्री तो झोपणार कुठं आणि जेवणार कुठं, हा प्रश्न महाराजांनी जातवार वसतिगृहं काढून सोडवला. महाराजांचा 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा सगळ्यांना पाठ असतो. माझ्या मते त्याची रोजची अंमलबजावणी बघायची तर या इमारतींपाशीच यावं. बहुतेक ठिकाणी आत मुलं राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नका.

सीपीआरच्या बाजूला आता कामाच्या दिवशी काळ्या कोटांची वर्दळ असते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय. त्यामुळं टाऊन हॉलचं संग्रहालय बघायचं तर शनिवार बरा. सोमवारी ते बंद. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तूंमधला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, इथलाच. कांस्याची मूर्ती, वीतभरसुद्धा नाही. वर उचललेल्या हातातला त्रिशूळ केव्हाच गेलेला. पंचगंगेच्या काठी हा बाबा आला कसा, तर रोमशी चालणाऱ्या व्यापारातून. शाळेच्या सहलीत आम्हाला तलवारी आणि तोफांपुढं उभं केलं होतं, याच्यापुढं कुणी थांबवलं नव्हतं.

खासबागेत जाताना मन घट्ट करा. 1912 चं हे कुस्ती मैदान उतरत्या मातीच्या कडांमुळं असं बांधलंय की कुठंही बसा, हौद्यातली, म्हणजे मधल्या आखाड्यातली, पकड दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. आम्ही तिथं शाळेची स्नेहसंमेलनं केलेली. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलंय, पण पूर्वीचं डोळ्यांपुढून जात नाही.

अंबाबाईला रविवारी, नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या दिवसांत (9 ते 11 नोव्हेंबर, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी) गर्दी ठरलेली. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात, ते बघायचं असेल तर धक्के खायची तयारी ठेवा. एरवी मुखदर्शन घ्या आणि वाचलेला वेळ बाहेरून देऊळ बघण्यात घाला. तारकाकृती भिंतीच्या प्रत्येक कोनावर वादक, नर्तकी आहेत. मान दुखेपर्यंत बघण्यासारखं आहे.

रात्री गंगावेशीला दूध कट्टा. गवळी म्हशी घेऊन उभे असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. फेस बसायची वाट बघत थांबलो तर मागून आवाज आला, "पावणं, प्या की, हितं कुणी मुहूर्त काढत न्हाई!" पेठेत जन्मलेल्या माणसाला पावणं म्हणाला, पण ते बरोबरच होतं. कच्चं दूध सोसत नसेल तर नुसतं बघा, तेही पुरेसं आहे.

रंकाळ्यावर संध्याकाळी हॉर्न आणि गाड्यांच्या गर्दीत तळ्याकडं लक्षच राहत नाही. सकाळी सहाला, संध्यामठाच्या बाजूनं चाला. न्यू पॅलेस आणि कसबा बावड्यातलं शाहू जन्मस्थळ (लक्ष्मी विलास पॅलेस) या फेरीत बसवू नका. दोन्हींना मिळून वेगळा अर्धा दिवस लागतो, आणि दोन्ही पायी अंतरावर नाहीत. रिक्षा ठरवा, भाडं आधी बोलून घ्या.